शिवकन्या मॅडमची चूक

"आज तेवढी चूक करू नका, मॅडम," मुख्याध्यापक रामकिसन सरांनी दहावीच्या वर्गाबाहेर अक्षरशः हात जोडले. "तपासणीचे साहेब आलेत. धुळाजीच्या तक्रारीचं ऐकलंय त्यांनी. दहावी तुमच्याकडं ठेवायची का न्हाई, ते आजच ठरणार हाय."

शिवकन्या मॅडमनी मान डोलावली. हा वर्ग हातचा जाणार म्हटल्यावर दुसरं काय करणार?

त्यांची रीतच जगावेगळी. रोज फळ्यावर एका गणितात मुद्दाम चुकायचं आणि ती चूक पोरांनी हुडकायची. त्या नव्या होत्या तेव्हा गणिताच्या तासाला पाणी प्यायला गेलेली पोरं परत म्हणून येत नसत. आता डुलकी घ्यायचीही सोय उरली नव्हती, शेजारच्यानं चूक आधी पकडली तर? चूक हुडकण्यात धुळाजीची मंगल सगळ्यांच्या पुढे. तिनं घरी कौतुकानं सांगितलं, "मॅडम रोज चुकत्यात." बापानं अर्धंच ऐकलं आणि तडक शाळा गाठली. "जिला येतच न्हाई तिला दहावी कावून दिली?" बिचाऱ्याचं तरी काय चुकलं!

साहेब मागच्या बाकावर बसले. मॅडमनी दोन समीकरणं सोडवली, अगदी बिनचूक. पोरांचा मात्र विश्वास बसेना. माना वह्यांत गेल्या, कुजबुज सुरू झाली, कोणी खालून वर तपासू लागलं. शेवटी मंगल उठली.

"मॅडम, सापडंना."

"काय सापडेना?" साहेबांनी विचारलं.

"चूक. रोज असती की."

रामकिसन सरांना दरदरून घाम फुटला. मंगलनं कोणाला न विचारता खडू घेतला, मिळालेल्या किमती दोन्ही समीकरणांत घालून ताळा केला. दोन्ही बाजू सारख्या आल्या तशी ती हिरमुसली. "आज न्हाईच केली मॅडमनी."

"मी मुद्दाम करते, साहेब," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्याशिवाय ही पोरं फळ्याकडं बघत नव्हती."

साहेब बाकावरून उठले. मग रामकिसन सरांना म्हणाले, "दहावी यांच्याकडंच राहू द्या."

मॅडमना एकदम भरून आलं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, खिचडीचा वास वर्गात आला, पण एक पोरगं उठेल तर शपथ. त्यांची चूक अजून बाकी होती ना! मॅडमनी डोळे पुसले आणि नवं गणित मांडून सोडवलं.

दारापर्यंत पोचलेले साहेब वळले. फळ्यावर एक नजर टाकली आणि परत येऊन मागच्या बाकावर अंग चोरून बसले. ओठ हलवत ते एकेक ओळ तपासू लागले.

मंगलनं मागे वळून त्यांना दटावलं, "सायेब, सापडली तर सांगू नका हां."