डमीचा चहा

माझ्या नवऱ्याला रागावता येत नाही, असं मी परवापर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

ते ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. स्कूल म्हणजे एक गाडी, तिच्या छपरावरची पाटी आणि स्वतः ते. शिकणारा गाडी फुटपाथवर चढवो नाहीतर ऐन चौकात बंद पाडो, हे आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबतात आणि म्हणतात, काही हरकत नाही, परत एकदा. घरीही तेच. शर्टावर इस्त्रीचा डाग पडला, काही हरकत नाही. माझी आई चार दिवसांसाठी आली आणि चांगले दोन महिने राहिली, काही हरकत नाही. मी मात्र तोंडाची तिखट. कपडे सैल-घट्ट करून द्यायचं माझं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या शिवणी उसवायच्या, आणि एखादी म्हणाली की मी जाड झाले नाही, कापडच आटलं, तर मी ऐकून घेत नाही. शेजारणी म्हणतात, तुझ्यासारखीला असा नवरा मिळाला, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटायचं.

यांना नाद एकच, ब्रिजचा. समोरासमोर बसणारे दोघे एका बाजूचे आणि आजूबाजूचे दोघे विरुद्ध, असा तो पत्त्यांचा खेळ. क्लबात यांची जोडी जनावरांच्या डॉक्टरांशी होती. डॉक्टर मुलीकडे कायमचे राहायला गेले आणि हे एकटे पडले. जोडीदार नाही तर क्लबात खुर्ची नाही. क्लबाच्या स्पर्धेसाठी नावं द्यायची मुदत जवळ येत चालली तसे हे गप्प गप्प होऊ लागले. संध्याकाळी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर अनोळखी लोकांशी खेळायचे आणि जेवताना ताटात नुसतं चिवडत बसायचे. मला बघवेना. म्हटलं, मला शिकवा, मी बसते समोर. तर म्हणाले, दिवसभर शिकवतोच की, आणि बायकोला दोन गोष्टी कधी शिकवू नयेत, गाडी आणि ब्रिज. हसत म्हणाले, म्हणून मीही हसले.

पण माझ्या मनानं घेतलं. गुपचूप शिकायचं आणि मुदत संपायच्या आत यांच्यासमोर जाऊन बसायचं.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी फोनवर यांच्याच त्या ब्रिजच्या साइटवर जायला लागले. नाव घेतलं 'टाचणी'. खुल्या टेबलांवर कोणीही बसू शकतं, म्हणून आधी तिकडे गेले. पहिल्याच डावात एकानं विचारलं, झोपेत खेळता का. दुसरीकडे जोडीदार डाव अर्धवट टाकून उठला. तिसरीकडून तर मला न विचारताच काढून टाकलं. भांडायला मी भीत नाही, पण कशावरून भांडायचं ते कळायला आधी खेळ तर यायला हवा. एवढं तोंड असून मुकी झाले होते.

मग 'पहिली पायरी' सापडली. त्याच साइटवरची, फक्त नवशिक्यांची खोली. ती चालवणाऱ्या बाई पूर्वी जहाजावर रेडिओ ऑपरेटर होत्या, सगळे त्यांना आत्या म्हणत. आत्यांचे नियम थोडेच, पण त्यांत सूट नाही. डाव सुरू झाला की मधे उठायचं नाही. चूक दाखवायची ती विचारल्यावरच. आणि डमीची पानं उघडली की ती कितीही फाटकी असोत, आधी लिहायचं, 'आभारी आहे, जोडीदार.' डमी म्हणजे बोली ठरल्यावर आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसणारा. पुढे दोघांचीही पानं जोडीदार एकटाच खेळतो. आत्या म्हणायच्या, डमीला काम नसतं, तेव्हा डमीनं उठून चहा टाकावा.

मी तिथे रमले. चुकायची लाज गेली, आणि लाज गेल्यावर खेळ यायला लागला. तिथल्या गप्पांत एक नाव मात्र सारखं निघायचं, 'निवांत'. खुल्या टेबलांवरचा एक खेळाडू. हात उत्तम, जीभ विषारी. नवखा समोर आला की सोलून काढायचा. आमच्यातल्या एका नर्सला त्यानं असं काही लिहिलं होतं की तिनं ब्रिजच सोडला. आत्यांनी किती समजावलं, ती परत आली नाही. मी एकदा लिहिलं, या माणसाच्या बायकोची मला कीव येते. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली.

मुदत तोंडावर आली तेव्हा आत्या म्हणाल्या, आता एकदा खुल्या टेबलावर बसून या, क्लबात काही सगळे आमच्यासारखे नसतील. त्या संध्याकाळी हे नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत गेले. मी स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढलं, फोन घेतला आणि एका रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. समोरच्या जागेवर नाव होतं, निवांत.

उठावंसं वाटलं, पण पानं वाटून झाली होती आणि आत्यांचा नियम अंगात भिनला होता. बोली सुरू झाली, म्हणजे आपली जोडी किती हात करेल ते चढत्या आकड्यांनी सांगायचं. निवांत दोन इस्पिक बोलला. मी घाबरून एकदम चार बोलले. माझ्या पानांत तेवढा जोर नाही, हे बोलून झाल्यावर कळलं. पुढे कोणीच काही बोललं नाही. चार इस्पिक तो खेळणार आणि मी डमी. माझी पानं उघडी पडली. एक राजा, एक गुलाम, बाकी सगळा पाचोळा.

आभारी वगैरे काही आलं नाही. आलं ते असं, 'यावर चार? मोजता येत नाही का?'

उत्तर द्यायला बोटं शिवशिवत होती, पण डाव चालू असताना डमीनं तोंड उघडायचं नसतं. म्हणून उठले आणि चहा टाकला. दोन कप भरले. यांचा कप घेऊन आतल्या खोलीत गेले.

हे पाठमोरे बसले होते. स्क्रीनवर हिरवं टेबल होतं. टेबलावर एक राजा, एक गुलाम आणि पाचोळा. वर लिहिलं होतं, टाचणी.

आधी मला वाटलं, आपण आपल्याच फोनकडे बघतोय. मग लक्षात आलं की हातात कप आहे. यांची दोन बोटं टाइप करत होती आणि एकेक अक्षर माझ्या डोळ्यांसमोर उमटत होतं. 'असल्या गाढवांना पत्त्यांना हात लावू देऊ नये.' वाक्य पाठवून झालं, तसा यांनी मान न वळवता कप घेतला आणि एक घोट प्यायले.

"साखर राहिली वाटतं," हे म्हणाले. "काही हरकत नाही. असाही छान लागतो."

तोच आवाज, मऊ, नेहमीचा. दार कुठे आहे ते क्षणभर सुचेना. स्वयंपाकघरात परत आले तर ते वाक्य फोनवर माझ्याआधी येऊन बसलं होतं.

राग आला असता तर बरं झालं असतं, रागाशी माझी ओळख आहे. हे काहीतरी दुसरंच होतं. मला इस्त्रीचा डाग आठवला, आईचे दोन महिने आठवले. तेव्हा या माणसाच्या मनात काय होतं आणि ते त्यानं कुणाच्या अंगावर ओतलं? ती नर्स आठवली. आणि ज्या बाईची मी सगळ्यांसमोर कीव केली होती ती बाई ओट्याशी बसली होती. इतक्या वर्षांच्या संसारात यांचा खरा आवाज मी ऐकलाच नव्हता. तो ऐकायला मला टाचणी व्हावं लागलं.

नियम मोडून मी लिहिलं, 'साखर आणून देऊ का?'

पान पडेना. विरुद्ध बाजूच्या एकानं प्रश्नचिन्ह टाकलं, मग दुसऱ्यानं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे दारात येऊन उभे राहिले, हातात कप तसाच. त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू?"

मी म्हटलं, आधी डाव संपवा, लोक खोळंबलेत.

ते गेले. पानं पडायला लागली. मी फोनवर दोघांची पानं बघत बसले. खेळले मात्र सुरेख, त्या पाचोळ्यातूनही जेवढं निघण्यासारखं होतं तेवढं काढलं. तरी एक हात कमी पडला आणि डाव बुडाला. हे परत येऊन ओट्यापाशी उभे राहिले. मी म्हटलं, चार बोलले ती माझीच चूक.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. तोंडाला सवयच ती.

कोणी थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं. मी म्हटलं, "तसं नको. टाचणीला सांगितलं असतंत तसं सांगा. माझ्याकडे बघून."

त्यांनी कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाले की दिवसभर दुसऱ्यांसाठी ब्रेक दाबत बसायचं, कुठेतरी सुटणारच. मी म्हटलं, सुटलं ते एका पोरीच्या अंगावर, आणि तिनं खेळ सोडला. नर्सची गोष्ट मी सगळी सांगितली. त्यांना ती आठवतही नव्हती, हे मला आणखी लागलं. म्हटलं, आत्यांच्या खोलीत या, सगळ्यांसमोर तिची माफी मागा, मग स्पर्धेचं बघू. त्यांनी मान डोलावली. स्पर्धेत यांच्यासमोर बसायलाच मी शिकत होते, हे त्यांच्या मग लक्षात आलं आणि ते मटकन स्टुलावर बसले.

"दोनवरच गप्प बसायचं होतंस," ते म्हणाले. आवाज चिडका होता, घोगरा होता, आणि ते माझ्याकडे बघून बोलत होते. "चार इस्पिक म्हणजे शुद्ध मूर्खपणा. आणि हा चहा भयंकर झालाय."

"साखर नाही म्हणून?"

"साखर असली तरी." त्यांनी कपात बघितलं. "लग्न झाल्यापासून."

मी दोन्ही कप मोरीत ओतले. रडावं की हसावं ते कळत नव्हतं. पातेलं विसळलं, त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, शिकवा. ते म्हणाले, बायकोला... आणि तिथेच थांबले. उठून त्यांनी गॅस पेटवला. मी पातेल्यात पाणी घातलं.

"जास्त झालं," ते म्हणाले. "निम्मं काढ."

आणि मी, जी गिऱ्हाइकांचंही ऐकून घेत नाही, निमूटपणे निम्मं पाणी काढलं.