परण्यात ‘पऱ्हाटी’

ग्रुपवरचं मत

‘गारपीट’ हा अमरावतीचा बँड. लग्नाचा नव्हे, खुर्च्यांवर बसून वाजवणारा. सहा व्हायोलिनं, दोन बासऱ्या, एक क्लॅरिनेट, माणसाएवढा चेलो आणि मागे ड्रम. त्यांच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे आणि ग्रुपात दोन पक्ष आहेत. अमरावतीकर म्हणतात, ‘पऱ्हाटी’ हे गाणं पहिल्या व्हायोलिनपासून ऐकायचं. अकोलेकर म्हणतात, व्हायोलिनं चालू असताना चहा मांडायचा आणि ड्रम वाजला की कप घेऊन बसायचं.

एकदा अमरावतीहून कोणी लिहिलं, “सुरुवात सोडणाऱ्यानं गाणं ऐकलंच नाही.” अकोल्याहून उत्तर आलं, “भाऊ, तुमचं एकदा आयकून होते तवर आमचा दोनदा चहा होते.”

खुशी अमरावतीची. शुभम अकोल्याचा, पण खुशीशी बोलायला लागला आणि पक्ष बदलून बसला. “खरं गाणं सुरुवातीतच आहे,” असं त्याने तिला लिहिलं. ती सुरुवात त्याने एकदाही पुरती ऐकलेली नव्हती.

लग्न ठरलं तेव्हा खुशीची एकच अट होती. परण्यात ‘गारपीट’ वाजेल, आणि ‘पऱ्हाटी’ पूर्ण वाजेल.

“मी लॉनच्या गेटच्या आतून आयकत राहीन,” ती म्हणाली. “एक सूर कापला तरी मले समजते.”


शालिकरामांचं मत

शालिकराम म्हणजे शुभमचे वडील. अकोल्याजवळ वांगी-टमाटरची वाडी.

“ढोल-ताशेवाल्या धुमाल पार्टीले नाही म्हणून दिलं तू?”

“हो, बाबा.”

“आन् बोलावली कोण, तं गारपीट. ज्या माणसाच्या वरूडले संत्र्याच्या बागा हायेत, त्याच्या पोरीच्या लग्नात.”

“नाव आहे बाबा नुसतं.”

“बसून वाजवतेत म्हणते. परण्या बसून रायते काय बे?”

हे मात्र कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. परण्या म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या देवळापासून लॉनवरच्या मांडवापर्यंतची मिरवणूक. ती रस्त्याने जाते आणि चेलो रस्त्याने जाऊ शकत नाही. शेवटी खुशीच्या वडिलांनी, चंद्रभान यांनी, वरूडहून ट्रॅक्टरची ट्रॉली मागवली. संत्र्यांचे क्रेट उतरले, खुर्च्या चढल्या.

शालिकरामांनी शेवटचं सांगून टाकलं. “लोक नाचले नाही, तं बाजूच्या लॉनवरची धुमाल बोलावतो मी. तुह्या व्हायोलिनवाल्यायले पंगतीत बसवू. जेवतीन बिचारे.”


मामांचं मत

बँडचा म्होरक्या नितेश. देवळासमोर शुभम घोडीवर बसला तशी नितेशने ट्रॉलीवर उभं राहून मान हलवली आणि सहा व्हायोलिनं सुरू झाली.

शुभमच्या सगळ्या मामांनी हात वर केले. एक पाय पुढे टाकला. ठेका आला नाही. हात वरच राहिले.

“बिघडलं काय काही?”

“सूर लावून राहिले.”

“अजून?”

“मोठी वाद्यं हायेत. टाइम लागते.”

एकेक हात खाली आला. थोरल्या मामांनी आपला हात वाया जाऊ नये म्हणून पाठ खाजवून घेतली.

शालिकराम घोडीजवळ आले. “ड्रम काहून नाही वाजून राहिला?”

“पुढे आहे, बाबा.”

“किती पुढे?”

शुभमला खरंच माहीत नव्हतं. चहा मांडताना मधलं किती गेलं, हे कोण पाहतो.

“त्या नितेशले सांग, सीधा ड्रमवर ये म्हणा.”

शुभमने नितेशकडे पाहिलं. नितेशनेही वाजवता वाजवता त्याच्याकडे पाहिलं. नुसती भुवई उचलली असती तरी चाललं असतं. पण लॉनचं गेट रस्त्याच्या टोकाला दिसत होतं आणि वारा तिकडेच जात होता.

“नाही,” शुभम म्हणाला. “पूर्ण वाजन.”

“बरं,” म्हणून शालिकरामांनी खिशातून फोन काढला.


घोडीचं मत

ती धुमालवर वाढलेली. ठेका असला की जागच्या जागी नाचायचं. ठेका थांबला म्हणजे नवरदेव उतरला, आता घरी चला.

ठेका नव्हता. ती चालू लागली, लगाम धरलेल्या घोडीवाल्याला ओढत.


तानुबाईंचं मत

“बरं हाय वो,” शुभमची आत्या, तानुबाई म्हणाली. “पहिल्यांदा परण्यात कोणाचं बोलणं आयकू येऊन राहिलं.”

आणि ती घोडीमागे चालू लागली, बोलत. तिच्यामागे बाया, त्यांच्यामागे मामा, मामांमागे ट्रॉली. धुमालवाल्याशी भाव ठरवत उभे राहिलेले शालिकराम मागेच राहिले आणि मग धोतर आवरत पळत आले.


चंद्रभान यांचं मत

परण्याला तासन्‌तास लागतात. पत्रिकेतला मुहूर्त पत्रिकेपुरता असतो, हे मुलाकडच्यांना माहीत असतं, मुलीकडच्यांनाही. त्या हिशेबाने मुलीकडचे आंघोळीला जातात.

गेटवर एकच माणूस होता. शिडीवर चढून कमानीला झेंडू बांधत होता.

“कोणाकडचे तुमी?” त्याने वरूनच विचारलं.

“नवरदेव,” शुभम म्हणाला.

“आत्ताच?”

चंद्रभान बनियनवर बाहेर आले, पंचा खांद्यावर, कानात साबण. “व्याही,” ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “मुहूर्ताले आले तुमी? असं करते काय कोणी?”

“घोडी आली,” शालिकराम धापा टाकत म्हणाले. “आमी तिच्या मागं आलो.”

तेवढ्यात ट्रॉलीवर ड्रम वाजला.

मामांनी मागचा सगळा हिशेब तिथेच चुकता करायला घेतला. थोरले मामा शिडीला धरून नाचले आणि शिडीवरचा माणूस नाइलाजाने त्यांच्याबरोबर. शालिकरामांनी फोन कानाला लावला, “राहू द्या, नका येऊ,” म्हणाले आणि फोन तसाच धरून खांदे उडवू लागले.


खुशीचं मत

ती गेटवर आली तेव्हा एका डोळ्याला काजळ होतं, दुसरा कोरा. केसांत निम्म्याच पिना. तिने हात वर केला आणि नितेशने बँड थांबवला.

“कापलं नाही,” ती शुभमला म्हणाली.

“नाही.”

“तुह्या बाबांनी सांगतलं असन ना कापाले?”

“हो.”

“मग? कसं वाटलं?”

तिला लिहिलेलं उत्तर शुभमच्या तोंडापर्यंत आलं होतं. घोडीवर बसून ते त्याला देववेना.

“आज पहिल्यांदा आयकलं,” तो म्हणाला. “घरी मी तेव्हा चहा मांडतो.”

“दोन वर्षं?”

“चहा मस्त जमते मले आता.”

मामांचे हात पुन्हा हवेत अडकले होते. चंद्रभान पंच्याने कान पुसायचे थांबले. शालिकरामांनी एकदा पोराकडे, एकदा सुनेच्या कोऱ्या डोळ्याकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला.

“मधात एक जागा आहे,” शुभम म्हणाला, “तिथं चेलो एकटाच वाजते. ते मले आवडलं. घोडीही तिथं हळू झाली होती.”

“एकटा नाही वाजत. मागं बासरी हाय.”

“नाही आयकू आली. आत्या बोलून राहिली होती.”

तानुबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

खुशीने ट्रॉलीकडे पाहिलं. “नितेशदादा, पुन्हा पहिल्यापासून.” मग घोडीवाल्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, मारुतीपर्यंत परत न्या हिले.” आणि मग शुभमला, “माहा दुसरा डोळा व्हाचा हाय अजून. तवर बासरी आयकून ये.”

“मारुतीपासून?” शालिकराम म्हणाले. “अख्खा परण्या?”

“जाऊन या व्याही, जाऊन या,” चंद्रभान म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला होता. “आरामात या. माही आंघोळ राहिली.”

ट्रॅक्टर वळायला लागला. चेलोवाल्याने चेलोला मिठी मारली. घोडीला काय चाललंय ते कळेना, पण ठेका थांबला होता म्हणून ती देवळाकडे चालू लागली.

“आत्या,” शुभम म्हणाला, “आता बोलू नको.”

“मी कुठं बोलून राहिली?”

“आन् नाचाचं कधी?” थोरल्या मामांनी विचारलं.

“बासरी झाल्यावर.”

“ते कसं समजन आमाले?”

शुभमने थोडा विचार केला. “मलेही नाही माहीत,” तो म्हणाला. “सारेच आयकू.”