म्हातारीसाठी चौदा किलोवॅट

रास अल खैमातल्या एका कंत्राटदार कंपनीत नागेश हर्डीकर परचेस मॅनेजर होता. मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर, गल्फमध्ये येऊन नऊ वर्षं झालेली. खिळ्यांच्या पेटीपासून क्रेनपर्यंत काहीही घ्यायचं असलं, की तो आधी तक्ता करी. डावीकडे माल, वर रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. घरचा मिक्सरही असाच निवडलेला. लग्नाच्या वेळीसुद्धा त्याने मुलींचा तक्ता केला होता, आपण त्यात दुसऱ्या आलो आणि पहिलीने नकार दिला म्हणून आपला नंबर लागला, असं त्याची बायको संपदा चारचौघांत सांगत असे. नागेशला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नसे. पद्धत बरोबर होती, एवढंच तो म्हणे.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात अरबाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, त्याला केबिनमध्ये बोलावलं. अरबाबची आई, रुकय्या, पंचाहत्तरीची होती. ती शहरातल्या बंगल्यात राहायला तयार नव्हती. डोंगरात वर, वाडीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या खिंडीच्या, तोंडाशी त्यांचं जुनं दोन खोल्यांचं घर होतं, तिथेच शेळ्या राखून असायची. खाली शहरात हिवाळा नावापुरता, पण वर रात्री हातपाय आखडून जात. म्हातारी खोली बंद करून शेगडीत निखारे ठेवी. गेल्या जानेवारीत एका सकाळी ती चक्कर येऊन पडलेली सापडली. सुनेने दार उघडलं म्हणून निभावलं. बंद खोलीत निखारा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विजेचा हीटर नेऊन दिला, तर वारा सुटला की वर वीज जायची, आणि ज्यात जाळ दिसत नाही त्यावर म्हातारीचा विश्वास नव्हता. तेव्हा लाकूड जाळणारा, दाराचा, धूर बाहेर सोडणारा युरोपातल्यासारखा स्टोव्ह हवा, असं अरबाबने सांगितलं. चांगला बघून निवड, यल्ला, चल लाग कामाला.

नागेश घरी आला तो छाती फुगवूनच. जेवताना त्याने बातमी सांगितली. आठ वर्षांच्या मिहिकाने एसीच्या वाऱ्यात पांघरूण गुंडाळून बसल्या बसल्या विचारलं, "बट बाबा, हू नीड्स अ हीटर हिअर?" नागेशने तिला उंचीप्रमाणे तापमान कसं उतरतं ते वीस मिनिटं समजावलं. तोवर ती झोपली होती.

तीन आठवडे कॅटलॉग येत राहिले. फॅक्सच्या कागदांवर स्टोव्हचे फोटो काळ्या डागांसारखे दिसत, पण आकडे वाचता येत. नागेशने सतरा मॉडेलांचा तक्ता केला. कार्यक्षमता, वजन, काचेची जाडी, देश. मात्र जिथे स्टोव्ह बसवायचा ते घर बघायला तो गेला नाही. डोंगरातला रस्ता कच्चा आणि गाडी नवी. मापं घ्यायला त्याने वर्कशॉपमधल्या केरूला पाठवलं.

केरू पाटणकडचा. एसीचे डक्ट करण्याच्या खात्यात वेल्डर होता, पण त्याआधी गावाकडे सात हंगाम गुऱ्हाळात चुलवाणापाशी जाळ घालायला होता. अकरा वर्षं शारजा आणि रास अल खैमात काढल्यामुळे तो अरबी सहज बोले, जे नागेशला 'हबीबी' आणि 'खलास' यांच्या पलीकडे जमत नसे. केरू पिकअपमधून वर गेला, म्हातारीच्या हातची कॉफी पिऊन आला आणि कागदाच्या पाठीवर चार आकडे लिहून नागेशच्या टेबलापाशी उभा राहिला.

"साहेब, खोली बारा बाय चौदाची हाय. छत ठेंगणं. बारका बंब पुरंल. आन् धुराडं सरळ वर काढायला लागंल, छतातनं."

नागेशने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, याला बंब म्हणत नाहीत. दुसरी, छताला भोक पाडायचं नाही, कारण अरबाबने गेल्याच वर्षी दहा वर्षांच्या गॅरंटीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. पाईप भिंतीतून बाहेर जाईल. डक्ट नाही का आपण कुठूनही कुठेही नेत, असं त्याने वर विचारलं. केरू म्हणाला की डक्टला पंखा असतो. नागेशने चहा मागवला, स्वतःपुरता, आणि केरू गेला.

आता उरला आकार. आखातात एसी घेताना प्रत्येकजण एक ठोकताळा पाळतो: दीड टन लागत असेल तर दोन टन घ्या. कमी पडला तर शिव्या, जास्त झाला तर बटण फिरवा. नागेशने तोच न्याय स्टोव्हला लावला. कॅटलॉगप्रमाणे त्या खोलीला पाच किलोवॅट पुरेसे होते. पण मालकाच्या आईला पाच किलोवॅट? ऐकायलाच कसं वाटतं? त्याने सात धरले, मग थंडी म्हणून दहा, मग मालक म्हणून आणखी थोडे.

दुबईत बार्बेक्यूच्या जाळ्या आणि शोभेच्या फायरप्लेस विकणारं एक दुकान होतं. तिथला सेल्समन खैरुद्दीन दापोलीकडचा निघाला. चौदा किलोवॅटचा, डोळे दिपवणारा, ओतीव लोखंडाचा एक स्टोव्ह त्यांच्या जबल अलीच्या गोदामात दोन वर्षं पडून होता. कोणा युरोपियन हॉटेलवाल्याने मागवून रद्द केलेला. खैरुद्दीनने खोली केवढी असं एकदा विचारलं, नागेश म्हणाला ते माझ्यावर सोडा, आणि खैरुद्दीनने ते आनंदाने सोडलं. किंमत सात हजार सांगून तो अठ्ठावन्नशेवर उतरला. अठ्ठावन्नशे दिरहम म्हणजे अडुसष्ट हजार रुपये, असं नागेशने गाडीत स्वतःशीच मोठ्याने म्हटलं. बाराशे दिरहम वाचवल्याच्या आनंदात त्याला दुकानाच्या मागच्या खोलीतलं हसू ऐकू आलं नाही.

स्टोव्ह वर न्यायला सहा माणसं लागली. केरूने तो नागेशने सांगितल्याप्रमाणे बसवला: पाईप स्टोव्हच्या डोक्यावरून निघाला, काटकोनात वळला, दोन मीटर भिंतीलगत आडवा गेला, पुन्हा वळला आणि बाहेर पडला. त्याचं तोंड बरोबर वाडीतून येणाऱ्या वाऱ्याकडे होतं. केरूने हे एकदा बोलून दाखवलं. नागेशने ते लिहून घेतलं नाही.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, उद्घाटन ठरलं. अरबाब आला, त्याचे दोन भाऊ आले, सुना, नातवंडं आली. नागेश संपदा आणि मिहिकाला घेऊन टाय लावून आला. म्हातारी मधोमध गादीवर बसली होती, पायांवर जाड शाल, आणि तिचं लक्ष स्टोव्हपेक्षा नागेशच्या टायकडे होतं. नागेशने कार्यक्षमतेबद्दल चार वाक्यं इंग्रजीत सांगितली. मग सुमरच्या, म्हणजे तिथल्या बाभळीच्या, लाकडाचे तुकडे रचून, मिहिकाच्या हातात कॅमेरा देऊन, त्याने काडी लावली.

आधी काचेमागे छान जाळ उठला. सगळे वाहवा म्हणाले. मग बाहेर वारा फिरला. पाईपच्या सांध्यांतून पांढरा धूर निघू लागला, दाराच्या फटीतून पिवळट, आणि नागेशने काय अडकलंय ते बघायला दार उघडलं तेव्हा काळा. पोरं खोकत पळाली. एका भावाने म्हातारीला उचलूनच अंगणात नेलं. केरूने ओल्या पोत्यात पेटती लाकडं काढून बाहेर टाकली. नागेशच्या भुवया थोड्या जळल्या.

अंगणात खाटेवर बसून म्हातारी बराच वेळ खोकली, पाणी प्यायली आणि मग अरबीत एक वाक्य बोलली. अरबाबचे भाऊ खाली बघायला लागले. काय म्हणाल्या, असं नागेशने केरूला विचारलं.

"अम्मा म्हणत्यात, आधी नुसता निखारा मारत होता, तवा धूर तरी नव्हता."

 परतताना गाडीत संपदाने एकदा त्याच्या भुवयांकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. नागेशला वाटलं, ती रडतेय.

ऑफिसात नागेशने 'प्रतिकूल वाऱ्याचा अनपेक्षित परिणाम' या नावाची चार पानी टिपणी लिहिली. ती अरबाबपर्यंत पोचेतो केरूने छत फोडून, धुराडं सरळ उभं काढून, वर टोपी बसवून, भोवती पत्रा आणि डांबर लावून काम संपवलंही होतं. हे करायला अरबाबने त्याला थेट फोन केला होता, ही गोष्ट नागेशला स्टोअरकीपरकडून कळली आणि जेवण गोड लागलं नाही.

आता स्टोव्ह धूर वर ओढायला लागला. नको तेवढा ओढायला लागला. चौदा किलोवॅट त्या बारा बाय चौदाच्या खोलीत मोकळे सुटले. अर्ध्या तासात भिंतींना घाम फुटला, तासाभरात गादीवर बसवेना. हवा कमी केली की लाकूड धुमसे, काच काजळे आणि धुराड्यात डांबरासारखा थर धरी. मोठा जाळ केला की माणसं भाजत. घरच्यांनी शेवटी मधला मार्ग काढला: उन्हाळ्यासाठी खिडकीत बसवलेला एसी चालू केला. आठ दिवसांनी अरबाब आईला भेटायला गेला, तर एका भिंतीला स्टोव्ह पेटलेला, समोरच्या खिडकीत एसी घरघरतोय आणि आई दोन शाली घेऊन बाहेर ओट्यावर थंडीत बसलेली.

त्याने नागेशला बोलावलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "इंजिनिअर, खोली तू पाहिली होतीस?"

नागेशने तक्त्याची प्रत पुढे केली. अरबाबने ती न वाचता परत दिली.  व्हिसा, मिहिकाची शाळा, सांगलीतला फ्लॅट, सगळं एका क्षणात नागेशच्या डोळ्यांसमोरून गेलं. पण अरबाबच्या मनात भलतंच होतं. केरू वर्कशॉपमध्ये एक बारका बंब करतोय, उरलेल्या जाड पत्र्याचा, आत भट्टीच्या विटा लावून. तो आईकडे जाईल, असं त्याने सांगितलं. नागेशने धीर करून म्हटलं की त्याला सर्टिफिकेट नसेल. अरबाब म्हणाला, आईला वाचता येत नाही. खलास.

केरूचा बंब गुडघ्याएवढा होता, दिसायला तेलाच्या डब्यासारखा. दोन लाकडांत खोली उबदार व्हायची आणि पहाटेपर्यंत तशी राहायची. म्हातारीने त्यावर कॉफीचं भांडं ठेवलं आणि पुन्हा त्याबद्दल कोणाकडे तक्रार केली नाही.

राहिला तो ओतीव लोखंडाचा. तो अरबाबच्या शहरातल्या बंगल्यात, पाहुण्यांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवला. त्याला धुराडं नव्हतं आणि लाकूडही नव्हतं. आत एक लाल बल्ब आणि फिरणारा पत्रा बसवला, की जाळ हलल्यासारखा दिसे. एसी अठरावर. येणारे पाहुणे त्याच्यापुढे हात शेकत. आणि मग जे व्हायचं तेच झालं: एका पाहुण्याने असाच आपल्याला हवा म्हटलं, मग दुसऱ्याने. अरबाब धंद्याचा माणूस होता. दोन हजारच्या हिवाळ्यापर्यंत कंपनीचं शोभेच्या स्टोव्हचं वेगळं खातं निघालं आणि त्यावर नागेश हर्डीकर, मॅनेजर, हीटिंग सोल्युशन्स. आकाराचा प्रश्न आता उरलाच नव्हता. जेवढा मोठा तेवढा चांगला, आणि जळत नसल्यामुळे चुकायला जागा नव्हती. खैरुद्दीन दर महिन्याला खजुराची पेटी घेऊन येई. नागेशला इटलीतल्या एका प्रदर्शनालाही पाठवलं. तिथल्या स्टॉलपुढे काढलेले फोटो त्याने सांगलीला धाडले.

अडचण एकच होती. दर नोव्हेंबरात डोंगरातल्या घराचं धुराडं साफ करावं लागे, आणि आता ते नागेशच्या खात्याचं काम होतं. म्हातारीचा निरोप येई, केरूला पाठवा. खातेप्रमुख म्हणून अरबाबसाठी अहवाल लिहायचा तर नागेशला सोबत जावं लागे. पहिल्या वर्षी तो आत गेला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या भुवयांकडे बोट केलं आणि सुनेला काहीतरी सांगितलं. सुनेने तोंडावर ओढणी घेतली. केरूने अर्थ सांगितला नाही आणि नागेशने विचारला नाही.

पुढच्या वर्षीपासून तो गाडीतच बसू लागला. केरू छतावर चढून ब्रश फिरवी, मग आत जाऊन तासभर कॉफी पीत, गावच्या गोष्टी अरबीत सांगत बसे. वाऱ्याने गाडी हलत राही. नागेश काचा वर करी, गाडीचा हीटर पूर्ण फिरवी आणि मांडीवर अहवालाचा कागद घेऊन लिही: स्टोव्हची पाहणी केली, स्थिती समाधानकारक.