कानसेनबाई आणि रबरी कानांचं मुंडकं

ही गोष्ट कुणी खरी मानली, तर त्याच्या कानात मळ साचलाय असं खुशाल समजावं. जे तिथे हजर होते तेसुद्धा आता कानावर हात ठेवतात. सूनबाई, तू कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐक, पण हसू नकोस. हसलीस की घडी वाकडी होते.

तर एक कानसेनबाई होती. गावोगाव दुकानं असलेल्या एका मोठ्या पेढीत, मागच्या बाजूच्या तपासणीखोलीत ती बसायची. गेम खेळायचे ते दणकट लॅपटॉप दुकानात ठेवायचे की नाहीत, यात आवाजापुरता शेवटचा शब्द तिचा. कान असे तयार, की शेजारच्या इमारतीत कुणी चहात साखर ढवळली, तर ती विरघळली की तळाशी बसली हे ती इथून सांगायची. मुंगी लंगडत असली, तर कोणत्या पायानं तेही.

तिची पद्धत ठरलेली. आधी स्पीकर, मग हेडफोन. बाकीचे लोक स्फोट आणि गोळीबार लावून बघायचे. तिनं मात्र स्वतःच्या घरचं रेकॉर्डिंग केलं होतं. नवरा जिना चढतो, किल्ली फिरवतो, चपला भिरकावतो, खुर्ची कुरकुरते, तो जांभई देतो. ती म्हणायची, "स्फोट काय, रिकाम्या डब्यातसुद्धा दणक्यात होतो. नवरा नवऱ्यासारखा वाजला पाहिजे."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तिच्या भाच्यानं ते मुंडकं आणलं.

भाचा म्हणजे सख्ख्या बहिणीचा मुलगा. हिनंच शब्द टाकून त्याला पेढीत चिकटवला होता. सतत काही ना काही मोजायचा, म्हणून त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे. मुंडकं माणसाएवढंच, करड्या रंगाचं. नाक अर्धवट, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे, तोंड तर मुळीच नाही. पण कान पाहावेत. मऊ रबराचे, अगदी पाळीसकट, आणि आत मायक्रोफोन. हेडफोन त्याला चढवले की त्याला काय ऐकू आलं त्याची रेघ पडद्यावर उमटायची. कानामागून आलं आणि तिखट झालं म्हणतात, ते हेच. मोठे साहेब येता-जाता त्याच्या पाळीला हात लावून बघायचे. कानसेनबाईच्या तब्येतीची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तिच्या कानात गुणगुण सुरू झाली.

एका कंपनीचा नवा लॅपटॉप तिच्या टेबलावर आला होता. स्पीकर ठीक. हेडफोन चढवले, की घरच्या आवाजांच्या मागे एक बारीक सूर. बंद खोलीत डास असावा तसा. तिनं हेडफोन बदलले. सूर तसाच. तिच्या वडिलांचा कान असाच गुणगुणत गुणगुणत गेला होता. शेवटी शेवटी वडील दाराच्या घंटेकडे बघत बसायचे.

तिनं भाच्याला सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, तुझ्या मुंडक्याचं काय म्हणणं आहे या लॅपटॉपबद्दल?"

"मावशी, आरसा आहे आरसा. रेघ एकदम सपाट. एक कण घाण नाही."

म्हणजे संपलंच. लॅपटॉप स्वच्छ, हेडफोन दोन्ही स्वच्छ, मग उरलं कोण? दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर ऐकून बघायला तिचा हात धजेना. तिथेही गुणगुणलं असतं, तर आशेला जागाच उरली नसती. घरी तर ती शांतताच होऊ देत नव्हती. रेडिओ लावायची, नळ सोडून ठेवायची, मिक्सर फिरवायची.

नवरा म्हणाला, "अगं, आत काहीच नाही. रिकामा मिक्सर फिरवतेस."

"फिरू दे. गंज चढतो."

नवऱ्यानं मिक्सरचं झाकण तेवढं घट्ट बसवलं. बायकोचे कान इतके तीक्ष्ण असले, की नवऱ्याला मनातल्या मनातसुद्धा कमी बोलायची सवय लागते.

मग तो दिवस उजाडला. साहेबांनी मावशी-भाच्याला बोलावलं. कंपनीची बाई निकाल ऐकायला समोर येऊन बसली होती, पाठ ताठ, हसू तयार.

साहेब म्हणाले, "आज आपल्या बाईही ऐकतील आणि मुंडकंही ऐकेल. दोघांचं एकच आलं तर उत्तम. वेगळं आलं, तर एक कान चुकतोय असं धरू. चुकणाऱ्या कानाला मी खुर्ची देणार नाही."

"मुंडक्याला खुर्ची लागतच नाही, साहेब," फूटपट्टी पुटपुटला. मावशीनं बघितल्यावर त्यानं जीभ चावली.

लॅपटॉपला चार्जर जोडलेला. तिनं गेम सुरू केला. पंखा हळूहळू चढत गेला, पार भात्यासारखा. मग तिनं पडद्याकडे पाठ केली आणि डोळे मिटून स्पीकर ऐकले. लॅपटॉप टेबलावर ठेवून, मग मांडीवर घेऊन.

"टेबलावर आवाज मोकळा आहे," ती म्हणाली. "मांडीवर तोंडावर उशी दाबल्यासारखा होतो, कारण स्पीकर लॅपटॉपच्या पोटाखाली आहेत. खालचे सूर जेमतेम. पण पंखा ओरडत असतानाही बोलणं नीट कळतं. पास."

कंपनीच्या बाईचं हसू थोडं सैल झालं.

"आता हेडफोन," साहेब म्हणाले.

तिनं हेडफोन चढवले. गेममध्ये कुणीतरी मागून येत होतं. आधी डावीकडून, मग बरोब्बर पाठीशी, वाळूत पाय रुतवत. सुरेख होतं सगळं. आणि त्या पावलांच्या मागे तो डास.

खोलीतले सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. गुणगुण आहे म्हणावं, तर मुंडकं नाही म्हणणार आणि खुर्ची जाणार. नाही म्हणावं, तर खुर्ची राहील, पण त्या खुर्चीत बसून ती रोज काय ऐकणार होती? जिभेवर "स्वच्छ" हा शब्द येऊन बसला होता. नुसतं तोंड उघडायचं बाकी.

"बाई?" साहेब म्हणाले.

"ऐकतेय."

"किती ऐकणार? मुंडकं एका दमात सांगतं."

"मुंडक्याला घरी जाऊन कुणाला तोंड दाखवायचं नसतं, साहेब."

फूटपट्टीला धीर निघेना. पुढची पाळी त्याची. तो टेबलाशी आला आणि रोजच्या सवयीनं, मावशीच्या डोक्यावर हेडफोन असतानाच, त्यानं चार्जरची पिन उपसली.

डास मेला.

तिनं डोळे उघडले. वाळूतली पावलं चालूच होती, पण त्यांच्या मागे आता काहीच नव्हतं. विहिरीत वाकून पाहावं आणि तळ दिसावा, तसं झालं.

"काय केलंस?"

"कुठे काय? चार्जर काढला."

"लाव परत."

"मावशी, माझी वेळ..."

"लाव म्हणते ना."

त्यानं पिन लावली. डास. "काढ." शांत. "लाव." डास. तिनं हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबले.

"तू मोजताना दरवेळी हा काढतोस?"

"काढावाच लागतो. चार्जर लावला की मापात खरखर येते. रेघ बिघडते."

"अरे शहाण्या, मग बिघडू दे की. गेम खेळणारं कुठलं पोर चार्जर काढून खेळतं? नुसत्या बॅटरीवर हा लॅपटॉप पंगुळगाडा होतो, गेम रखडतो."

फूटपट्टीच्या चेहऱ्याचा रंग उडाला, मग परत आला, मग तो स्वतःच हसला. तो हाडाचा मोजणारा होता. खरी रेघ बघायला मिळणार म्हटल्यावर त्याला मान-अपमान आठवेना. त्यानं मावशीच्या डोक्यावरचे हेडफोन काढून मुंडक्याला चढवले, चार्जर तसाच ठेवला, आणि पडद्यावर त्या सपाट रेघेच्या मधोमध एक सुळका उभा राहिला. अगदी डासाच्या सोंडेसारखा.

कंपनीच्या बाईनं फोन उचलला आणि बाहेर गेली. साहेबांनी घसा खाकरला. "स्पीकर पास, हेडफोन नापास. चार्जर बदलून आणा म्हणावं. बाई, तुम्ही बसा. उभ्या का?"

कानसेनबाई बसली. त्या रात्री तिनं मिक्सर फिरवला नाही, रेडिओ बंद ठेवला, आणि तासभर घरातली शांतता ऐकत राहिली. नवऱ्याला वाटलं, रुसली.

पण खरी गंमत त्याआधीची. सगळे खोलीबाहेर गेल्यावर ती मुंडक्याजवळ गेली, त्याच्या रबरी कानाशी वाकली आणि म्हणाली, "काय, आता कसं?" तेव्हा मुंडक्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालं, "मावशी, मलाही ऐकू आलं असतं. पण चार्जर लावून मला कधी कुणी विचारलंच..."

"बाबा, थांबा," सूनबाई हातातली घडी खाली ठेवत म्हणाली. "त्याला तोंड मुळीच नव्हतं, असं मघाशी तुम्हीच सांगितलंत."