टिपांचा रकाना

ब्रिननं केसानं गळा कापला माझा. तिला तोंडावर सांगितलंय, तुम्हालाही सांगते.

मी अर्डिस. व्हर्मॉन्टमध्ये शाळेची बस चालवून निवृत्त झाले. आमच्या ओढ्यावर नक्षीदार पाठीची कासवं होती. अंडी घालायला दर जूनमध्ये काठावर यायच्या त्या बारा माद्या मी बावीस वर्षं मोजल्या. प्रत्येकीच्या कवचाला कानशीची खाच, प्रत्येकीची वहीत नोंद. ही कासवं चोरून विकतात मेले, म्हणून जागा मी सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती.

ब्रिन विद्यापीठातली संशोधक. माझ्या स्वयंपाकघरात बसून ब्लूबेरी पायचे दोन तुकडे हाणले आणि म्हणाली, "अर्डिस, हे सोनं कपाटात कुजतंय. इंटरनेटवर खुलं ठेवू. कुणीही फुकट उतरवून घेईल, शिकेल."

"आणि चोर? तेही शिकतील की!"

"जागा मी पुसट करते. नुसता जिल्हा दिसेल. शब्द देते तुम्हाला."

दिल्या वह्या. हिवाळ्यात माहिती खुली झाली. तीनशे चाळीस जणांनी उतरवून घेतली. ओहायोतल्या एका शाळेनं तर माझ्या आकड्यांवरून काढलेला आलेख पाठवला, तो मी फ्रिजवर लावला. खोटं कशाला बोलू, हरखून गेले होते.

जून आला. खडीच्या उतारावर जाऊन बसले. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. एकही मादी नाही. वाळूत बुटांचे ठसे आणि बादल्या टेकवल्याचे गोल वण. तिथंच बसून मोठ्यानं रडले मी.

वनरक्षक रॉइस आला. माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्यानं इंटरनेटवरची ती फाइल उघडली. "जागा तर पुसट केलीय," म्हणाला, आणि पडद्यावर उजवीकडचे रकाने बघत गेला. शेवटचा रकाना टिपांचा. त्यात होतं: 'लाल पुलावरून उतरून दुसरं वळण, पडक्या गिरणीमागे खडीचा उतार. सातवी आज लवकर आली.'

माझेच शब्द. चोरांना तिनं माझ्याच तोंडून वाट सांगितली होती.

रॉइसनं तिला फोन केला होता, दुपारी ब्रिन आली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला.

"अक्षांश-रेखांश मी काढले होते, अर्डिस. टिपा तशाच ठेवल्या. मूळ नोंदीतलं एक अक्षर बदलायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात."

"वाचल्यास तरी का?"

"बावीस वर्षांच्या होत्या... टंकायला मुलं लावली होती. नाही वाचल्या."

"आणि मला दिलेला शब्द? तो मोडला तर चालतं?"

फाइल तिनं सकाळीच काढून टाकली होती म्हणे. तीनशे चाळीस लोकांकडच्या प्रती कोण काढणार? माझ्या माद्या कुठल्या तळघरात, कुठल्या काचेच्या पेटीत आहेत, कोण सांगणार?

निघताना दारात घुटमळली. "यंदाची नोंद... शून्य हीसुद्धा माहितीच असते, अर्डिस."

वाटलं, दार तोंडावर आपटावं. पण बावीस वर्षांत एकही जून मी कोरा सोडला नव्हता. यंदाची वही तिच्यापुढे टाकली.

"लिही. माद्या, शून्य."

"आणि टीप?"

"'ब्रिनवर विश्वास ठेवला.'"

तिचं पेन थांबलं. डोळे भरले होते तिचे. भरू देत.

"लिही बये," मी म्हटलं. "आणि एक अक्षर बदलू नकोस."