आंबलेली टाकी

लेकीने दोरीला बांधलेला डबा टाकीतून वर ओढला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. मग त्यात आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी बुडवून ती उजेडात धरली.

"पार आंबली आहे," ती म्हणाली.

गॅसमास्तर मान खाली घालून उभे होते. कत्तलखान्यात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. मागच्या अंगणातली ही गोबरगॅसची टाकी त्यांनीच सांभाळली आणि लेकीला लहानपणापासून तिचं वेड लावलं. कत्तलीतली घाण आणि चरबी टाकीत जायची, तिच्या गॅसवर पाणी तापायचं आणि त्या पाण्याने फरशा धुतल्या जायच्या. आठवडा झाला, गॅस नव्हता. गार पाण्याने फरशीवरची चरबी काही हलत नव्हती आणि धुणाऱ्या बायका मास्तरांच्या नावाने बोटं मोडत होत्या.

लेक शिकून दूरच्या शहरातल्या मोठ्या गॅस प्रकल्पावर लागली, त्यालाही आता काही वर्षं झाली. जाण्याआधी तिने बापाला एक युक्ती शिकवून ठेवली होती. चरबी थेट टाकायची नाही. गरम पाण्यात कॉस्टिक सोड्याबरोबर ती आधी घोटायची, शेणात कालवायची आणि टाकीला थोडी थोडी भरवायची. टाकीला हे चांगलंच मानवलं. गॅस जवळजवळ दुप्पट झाला, आणि तिथेच मास्तरांचं नुकसान झालं.

कारण बापलेकीचं बोलणं टाकीवरच चालायचं. आई होती तोवर बाकीचं सगळं तीच बोलायची. ती वारली आणि दोघांकडे टाकी तेवढी उरली. लेक दर रविवारी फोन करायची. पूर्वी आज फेस आला, काल पाइप तुंबला, असं बोलता बोलता वेळ कसा जायचा कळायचं नाही. आता गॅस कसा आहे, छान आहे, एवढ्यावर गाडी अडायची. तिचा आवाज अजून थोडा ऐकावासा वाटायचा आणि मास्तरांना विचारण्यासारखं काही म्हणजे काही सुचायचं नाही. फोन ठेवल्यावर घर खायला उठायचं.

टाकी बिघडल्याचं फोनवर ऐकलं आणि आज ती समोर उभी होती. येताना आपल्या प्रकल्पावरच्या टाकीतला पातळ रबडा, म्हणजे स्लरी, टँकर भरून घेऊन आली होती. दुधाला विरजण लावावं तशी चांगल्या टाकीतली स्लरी आंबलेल्या टाकीत ओतली की ती हळूहळू ताळ्यावर येते. ड्रायव्हर पाइप जोडू लागला तशी लेक चरबी घोटायच्या पिंपापाशी गेली. पिंप कोरडं ठणठणीत होतं. बाजूला सोड्याचं पोतं न उघडता पडलं होतं. तिने त्याची शाबूत शिवण बोटाने चाचपली.

"एका दमात किती चरबी टाकली?"

"असेल दोन-तीन पिंपं."

"बाबा, टाकीला अपचन होईल इतकं खाऊ घालायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?"

मास्तर सोड्याचं पोतं पायाने भिंतीकडे सरकवू लागले.

"बिघडली की मी येईन, असं वाटलं?"

"आलीस की."

"नुसतं ये म्हणाला असतात तर?"

"तू कामात असतेस." मास्तरांनी स्वच्छ हात उगाच विजारीला पुसले. "आणि ये म्हटल्यावर तू विचारलं असतंस, काय झालं म्हणून. मग काय सांगायचं?"

लेकीने तोंड दुसरीकडे फिरवलं. जरा वेळाने तिने फोन काढला आणि आपल्या साहेबांना लावला. टँकर संध्याकाळीच परत पाठवते, पण मला इथे थांबावं लागेल, असं ती सांगत होती. पलीकडून बहुधा किती दिवस असं विचारलं गेलं.

"पंधरा दिवस तरी," ती म्हणाली. "टाकीची अवस्था फार वाईट आहे, साहेब."

मास्तर चमकले. एवढी ताजी स्लरी पडल्यावर टाकी चार दिवसांत मार्गाला लागणार, हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. पंधरा कशाला, असं अगदी ओठांवर आलं. लेकीने फोन कानाला तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

मास्तर तोंड मिटून ड्रायव्हरला पाइप धरू लागायला वळले.