मिसेस लिंकनचा मुलगा

शोभाताई आगाशे कॅनडातल्या आपल्या कनाटा गावातून निघाल्या तेव्हा त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. आणि का ठरावा? सत्तरी उलटलेल्या बाईला पोटचा मुलगा आपणहून फोन करतो आणि म्हणतो, "आई, इथे माझ्याजवळ, वॉनमधल्या एका रिटायरमेंट होममध्ये तुझा शो ठरवलाय, मी येतो घ्यायला." चेष्टा आहे का? या विक्रमने आजवर आईचा एक प्रयोग बघितला असेल तर शपथ. शाळेत होता तेव्हा आई प्रयोगाचा घोळदार झगा घालून गाडीत बसली की हा पठ्ठ्या मागच्या सीटवर डोकं गुडघ्यांत घालून बसायचा. न जाणो, वर्गातलं कुणी बघेल.

आता कसला प्रयोग, ते सांगितलं पाहिजे. शोभाताई मेरी लिंकन व्हायच्या. अमेरिकेच्या अध्यक्षांची बायको, तीच. काळा झगा, डोक्यावर हनुवटीखाली गाठ मारायचं काळं बॉनेट, हातात रुमाल. "मी मेरी" अशी सुरुवात करून तासभर आपली कर्मकहाणी सांगायची आणि मग लोक जे विचारतील त्याची उत्तरंही मेरी म्हणूनच द्यायची. लायब्रऱ्या, चर्चचे हॉल, म्हाताऱ्यांची होम, कुठे म्हणून त्या गेल्या नव्हत्या! मराठी मंडळातले लोक विचारायचे, "कॅनडात राहून अमेरिकेच्या अध्यक्षांचं काय एवढं?" तर बाई म्हणायच्या, "शेजारच्या घरातली भांडणं ऐकायला कुणाला आवडत नाहीत हो?" पुढे कोण बोलणार!

हे वेड खरं गुरुदत्तरावांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. ताडमाड उंच, हाडकुळा माणूस. टेलिकॉम कंपनीत इंजिनियर. हॅलोविनच्या सोंगांसाठी ऑफिसात कुणीतरी त्यांच्या डोक्यावर उंच काळी टोपी ठेवली आणि सगळे बघतच राहिले. लिंकनच तो, जरा सावळा, एवढंच. मग शोभाताई मेरी झाल्या. मेरीही बुटकी, गोल चेहऱ्याची. उच्चार साताऱ्याचे राहिले ते राहिलेच, पण पाच मिनिटांनी कुणाच्या ते ध्यानातही यायचं नाही. गाडीत आरशात बघून गोंदाने दाढी चिकटवणारे गुरुदत्तराव, आणि शेजारी "अहो, वाकडी लागली" म्हणून ओरडणाऱ्या शोभाताई. असं वीस-बावीस वर्षं चाललं.

दोघांनी एक नियम मात्र कसोशीने पाळला. बॉनेट डोक्यावर आहे तोवर मेरी. कुणी काहीही विचारो, उत्तर मेरीने द्यायचं, आणि खरं घडलेलंच द्यायचं. पदरचं काही घालायचं नाही.

मग गुरुदत्तराव गेले. झोपेतच गेले. त्यानंतर शोभाताई फक्त विधवा मेरीचा भाग करू लागल्या. तिथे त्यांना मनसोक्त रडता यायचं. घरी रडून काय करणार? बेसमेंटमधला फर्नेस ऐकणार?

वाटेत विक्रम एकदाच म्हणाला, "आई, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करताना परत पडलीस ना? शेजारच्यांनी सांगितलं मला."

"सावकाश पडले रे. बसल्यासारखीच पडले."

तो हसला नाही. शोभाताईंना वाटलं, दमला असेल. एवढं ड्राइव्ह करून न्यायला आला पोरगा. आपला प्रयोग बघायला! त्यांनी मनातल्या मनात पहिल्या पानापासून सगळं पुन्हा म्हणून घेतलं. आज एक शब्द इकडचा तिकडे होता कामा नये.

होम छान होतं. उबदार हॉल, मोठ्या खिडक्या, पंचवीस-तीस म्हातारी माणसं अर्धगोलात बसलेली. विक्रम मागे दाराशी उभा राहिला. शोभाताईंनी बॉनेटची गाठ बांधली आणि सुरू केलं.

काय रंगला म्हणता प्रयोग! एडी गेला, विली गेला, नाटकाच्या थिएटरात शेजारी बसलेला नवरा गेला, मग टॅड गेला. चौघांतला एकच मुलगा उरला, थोरला रॉबर्ट, वकील. "आणि त्या रॉबर्टने," शोभाताई पुढे आल्या, "माझ्या पोटच्या रॉबर्टने, मला शिकागोच्या कोर्टात उभं केलं. आई वेडी आहे म्हणाला. बारा परक्या पुरुषांनी मान डोलावली आणि मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं!" हा त्यांचा हुकमी भाग. इथे बायका नेहमी हुंदके द्यायच्या, तशा आजही दिल्या. शोभाताईंनी हळूच दाराकडे पाहिलं. विक्रम खाली बघत होता. त्यांना बरं वाटलं. लागलं तर पोराला! कळू दे, आई काय चीज आहे ते.

टाळ्या झाल्या. प्रश्न सुरू झाले. पहिल्या रांगेत एक गोड म्हातारी होती, लव्हाल गावची, बोलण्यात मधूनमधून फ्रेंच. तिने हात वर केला.

"मादाम लिंकन, तुम्ही पुढच्या महिन्यात माझ्या शेजारच्या खोलीत येणार ना? तुमचा मुलगा आला होता खिडकी मोजायला. पडद्यांसाठी. इतका जंटील, इतका गोड मुलगा! म्हणाला, माझी आई येणार आहे, तिला कंपनी द्या."

सगळे कौतुकाने हसले. कुणीतरी "वेलकम!" म्हणालं.

शोभाताईंना सगळं लख्ख कळलं. शो नव्हताच हा. जागा दाखवायला आणलं होतं. सरळ विचारलं तर आई नाही म्हणेल, म्हणून आईलाच झगा घालून नाचवलं! आणि आपण? सकाळपासून हुरळलो होतो, मुलगा आपलं काम बघायला येतोय म्हणून. या वयात इतकं बावळट असावं माणसाने! बॉनेट उपटून फेकावं आणि मराठीत चार शब्द सुनवावेत, असं अगदी जिभेवर आलं.

पण बॉनेट डोक्यावर होतं.

"होय," शोभाताई म्हणाल्या. आवाज मेरीचाच होता. "माझ्या मुलाने माझ्यासाठी खोली बघितली होती. चांगली होती खोली. खिडकीही होती."

"आणि त्याला वाईट नाही वाटलं?" लव्हालच्या बाईंनी विचारलं. "तुमच्या रॉबर्टला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि शोभाताईंनी विचारू दिलाही नव्हता. उत्तर त्यांना माहीत होतं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं होतं. गुरुदत्तराव कितीदा म्हणायचे, "अगं, तेही सांग की. खरं आहे ते." आणि या म्हणायच्या, "ते सांगितलं तर माझ्यासाठी कोण रडेल?" म्हणून त्यांनी ते गाळून टाकलं होतं, पार पहिल्या प्रयोगापासून.

त्यांनी दाराकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला त्यांचा मुलगा जॅकेटच्या बाहीने नाक पुसत होता.

"रडला," शोभाताई म्हणाल्या. "भर कोर्टात, सगळ्या शहरादेखत रडला माझा रॉबर्ट."

लव्हालच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"आणि मग?"

"मग डोळे पुसले आणि साक्ष पुरी केली."

लोकांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या. नंतर चहा आला, कुकीज आल्या. शोभाताई सगळ्यांशी हसून बोलल्या. हॉल रिकामा झाला तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या, बॉनेटची गाठ सोडली आणि ते मांडीवर ठेवलं. बिनबॉनेटच्या त्या एकदम लहान दिसत होत्या. विक्रम त्यांचा विंटर कोट घेऊन जवळ आला.

"आई, मी सांगणारच होतो. आज घरी जाताना सांगणार होतो. तू एकटी तिकडे... उद्या खरंच काही झालं तर? मला झोप लागत नाही गं."

त्याचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. ड्राइव्ह-वेवर त्या बर्फात बराच वेळ पडून होत्या, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. खोली घ्यावी लागणार, हेही त्यांना कळत होतं. भांडायचं होतं कुणाला?

"मला कळतं रे," त्या म्हणाल्या. "येईन मी. पण विक्रम, त्या मेरीला निदान समोर बसवून सांगितलं होतं. कोर्टात का होईना."

विक्रम तिथेच, आईच्या पायाशी खाली बसून रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, खांदे उडवत. रुमाल शोभाताईंच्या हातातच होता. त्या बघत राहिल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्याचे डोळे पुसले नाहीत.